हेडफोन अँपची उणे रेल (उणे व्होल्टेज पुरवणारी तार) बसतेय, घरघर जात नाही. शोधायला कुठून लागायचं?

कथलाची_वाफ

व्हेरोबोर्डवर (तांब्याच्या पट्ट्या असलेला भोकांचा बोर्ड) हेडफोन अँप केला आहे. पॉवर सप्लाय त्रास देतोय. सर्किटचा नकाशा चढवता येत नाहीये, म्हणून शब्दांत लिहितो.

ट्रान्सफॉर्मर १५-०-१५ (मधला ० म्हणजे सेंटर टॅप), ५०० मिलिअँप. ब्रिज (एसीचा डीसी करणारा) चार १एन४००७ डायोडांचा. दोन्ही बाजूंना २२०० मायक्रोफॅरड (पुढे नुसतं मायक्रो) ३५ व्होल्टचा एकेक फिल्टर कंडेन्सर. पुढे व्होल्टेज स्थिर ठेवणारे रेग्युलेटर: अधिक बाजूला एलएम३१७, उणे बाजूला एलएम३३७. दोन्हीकडे व्होल्टेज ठरवणारे दोन रेझिस्टन्स, १२० ओहम आणि १ के (हजार ओहम). दोन्हींच्या आउटपुटला ०.१ मायक्रोचा सिरॅमिक. अँपमध्ये एक एनई५५३२ ऑपअँप आणि प्रत्येक चॅनलला बीडी१३९-बीडी१४० ट्रान्झिस्टरची जोडी.

अँप न जोडता अधिक रेल ११.७२, उणे ११.७ च्या आसपास, पण मीटरचे शेवटचे दोन आकडे नाचतात.
अँप जोडल्यावर अधिक ११.७१. उणे मात्र ९.४ ते १०.३ मध्ये कुठेही.
३१७ कोमट. ३३७ ला बोट लावलं तर तीन सेकंदही धरवत नाही.
हेडफोनमध्ये घरघर आहे आणि व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तेवढीच राहते.

३३७ दोनदा बदलून झाला. तिसरा आणायच्या आधी विचारतोय.

फ्यूज_बाबा

तिसरा आणू नका. एकामागून एक नग तसेच वागतायत म्हणजे दोष ३३७ मध्ये नाही, त्याच्या शेजारीपाजारी आहे.

अर्धलहरी

पाय तपासले का? हा चकवा सगळ्यांनाच लागतो. छापील बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर ३१७ चे डावीकडून अ‍ॅडजस्ट, आउट, इन. ३३७ चे अ‍ॅडजस्ट, इन, आउट. म्हणजे मधला आणि उजवा अदलाबदल. पाठीचा पत्रा मधल्या पायाला जोडलेला असतो, त्यामुळे ३१७ चा पत्रा आउटपुटवर आणि ३३७ चा पत्रा इनपुटवर. दोघांना एकाच हीटसिंकवर मायका आणि प्लास्टिकच्या वॉशरशिवाय बसवलं की अधिक १२ आणि उणे २२ ची थेट गळाभेट.

७८१२ आणि ७९१२ वापरणाऱ्यांनाही हेच लागू. ७८१२ म्हणजे इन, ग्राउंड, आउट; ७९१२ म्हणजे ग्राउंड, इन, आउट.

ओहमकार

पाय चुकले असते तर बिनलोडचे ११.७ दिसलेच नसते. हिशेब बघा: १.२५ × (१ + १०००/१२०) = ११.६७. त्यात अ‍ॅडजस्ट पायाचे साधारण ५० मायक्रोअँप × १ के = ०.०५. झाले ११.७२. अधिक रेल हजारात एक बरोबर आहे, उणेही बिनलोड त्याच घरात आहे. म्हणजे रेझिस्टन्स आणि पाय दोन्ही ठीक.

आता दोष अँपकडे आहे की सप्लायकडे, एवढंच आधी ठरवू. अँप पूर्ण सोडवा. प्रत्येक रेल आणि ग्राउंड यांच्यात २२० ओहम २ वॅटचा रेझिस्टन्स लावा. साधारण ५३ मिलिअँप वाहतील, म्हणजे तुमच्या अँपच्या विश्रांतीच्या करंटइतकेच. रेझिस्टन्समध्ये ०.६ वॅटच्या वर उष्णता होते, त्यामुळे पाव वॅटचा लावलात तर वास येईल. मग चार आकडे द्या:

दोन्ही फिल्टर कंडेन्सरवरचा डीसी.
त्याच जागी एसी रेंजवर काय दिसतं.
दोन्ही आउटपुटचा डीसी.
पाच मिनिटांनी पुन्हा आउटपुटचा डीसी.

आणि मीटरची काळी तार ग्राउंडच्या एकाच जागी ठेवा, जागोजागी हलवू नका.

बिनआवाजी

ओहमकारांच्या दुसऱ्या आकड्याबद्दल एक सावधगिरी. स्वस्त मीटरच्या एसी रेंजमध्ये डीसी अडवणारा कंडेन्सर नसतो. २२ व्होल्ट डीसीवर लावला की तो ४८-४९ व्होल्ट एसी दाखवतो, आणि तारा उलट्या केल्या की शून्य. ही परीक्षा आधी करा. मीटर त्या जातीचा निघाला तर लाल तारेला ०.१ मायक्रो १०० व्होल्टचा प्लास्टिक कंडेन्सर सिरीजमध्ये घाला, फक्त रिपल (डीसीवर उरलेली एसीची लहर) दिसेल. काट्याच्या मीटरला ०.१ पुरत नाही, १ मायक्रो घ्या.

नवशिका_३३

मध्येच विचारतो. बहुतेक सर्किटांत ३१७ ला २४० ओहम दिसतो. इथे १२० का?

ओहमकार

२४० ओहम म्हणजे १.२५/२४० = ५ मिलिअँप. एलएम११७ ला तेवढा किमान लोड चालतो. ३१७ ला काही नगांत १० मिलिअँपपर्यंत लागतात. तेवढं वाहिलं नाही तर बिनलोड रेल वर चढते आणि लोक पोटेन्शियोमीटर फिरवत बसतात. १२० ओहममधून १० मिलिअँप आपोआप वाहतात, विषय संपला. २४० घातलंच असेल आणि पुढचं अँप कायम २०-३० मिलिअँप खात असेल, तरी काही बिघडत नाही.

फ्यूज_बाबा

मोजायला बसण्याआधी:

मेन्सची बाजू उघडी असेल तर तिच्यावर कव्हर. पेटी धातूची असेल तर अर्थिंग पेटीला, स्क्रूखाली दातेरी वॉशर घालून. प्रायमरीला फ्यूज. ट्रान्सफॉर्मर १५ व्हीएचा आहे, २३० व्होल्टवर ६५ मिलिअँप होतात, १०० मिलिअँपचा स्लो-ब्लो पुरे. साधा फ्यूज चालू करतानाच्या झटक्यात उगाच उडेल.

काही बदल केल्यावर पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब. २५ किंवा ४० वॅटचा जुना तारेचा बल्ब, एलईडी नाही. क्षणभर मिणमिणून विझला तर ठीक. पेटून राहिला तर शॉर्ट आहे, बंद करा. पण मापं घेताना बल्ब काढा, त्याच्यावरही व्होल्टेज पडतं आणि आकडे खोटे येतात.

बंद केल्यावर फिल्टर कंडेन्सर १ के १ वॅटने रिकामे करा. २२०० मायक्रोला दहा-बारा सेकंद लागतात. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नका. शौर्य दिसतं, पण कंडेन्सरचे पाय आणि व्हेरोबोर्डची पट्टी दोन्ही जातात.

गप्प_गेन

स्क्रूड्रायव्हरचं टोक बघून माणसाचा अनुभव ओळखता येतो :)

कथलाची_वाफ

मोजलं. मीटर बिनआवाजींच्या परीक्षेत पास झाला. दोन्ही रेलवर २२० ओहम, अँप सोडवलेला.

फिल्टरवर डीसी: अधिक २२.८, उणे २२.३
फिल्टरवर एसी: अधिक ०.०७, उणे ०.१५
आउटपुट: अधिक ११.७१, उणे १०.१ आणि हलतंय
पाच मिनिटांनी: अधिक ११.७०, उणे ९.७. ३३७ तापलेला.

म्हणजे अँप निर्दोष?

अर्धलहरी

सापडला चोर! उणे बाजूचा रिपल बरोब्बर दुप्पट. त्या बाजूचा एक डायोड काम करत नाहीये. पूर्ण लहरीऐवजी अर्धी लहर येतेय, म्हणून कंडेन्सर सेकंदाला १०० ऐवजी ५० वेळाच भरतो आणि दोन भरण्यांमध्ये दुप्पट रिकामा होतो. डायोड उघडा गेलाय (आतून तुटलाय) किंवा ड्राय सोल्डर (कथलाचा डाग नीट न धरलेला) आहे. जोडून द्या, काम झालं.

ओहमकार

डायोडचं निदान बरोबर. "काम झालं" याला मात्र माझी हरकत आहे.

रिपलचा ढोबळ हिशेब: करंट भागिले वारंवारता भागिले कंडेन्सर. रेझिस्टन्सचे ५३ आणि १२० ओहममधले १० धरून ६३ मिलिअँप. ०.०६३/(१०० × ०.००२२) = ०.२९ व्होल्ट, टोकापासून टोकापर्यंत. करवतीच्या दात्यासारखी लहर असते, तिला साडेतीनने भागलं की मीटरचा आकडा: ०.०८. तुमचा अधिक बाजूचा ०.०७ आहे. उणे बाजूला ५० धरा, ०.५७ आणि मीटरवर ०.१६. तुमचा ०.१५. इथपर्यंत अर्धलहरींचं म्हणणं शंभर टक्के पटतं.

पण अर्धी लहर असूनही उणे बाजूच्या दऱ्यांचा तळ २२ व्होल्टच्या आसपास आहे. ३३७ ला इन आणि आउटमध्ये अडीच-तीन व्होल्ट मिळाले की पुरतात. इथे दहा आहेत. अर्ध्या व्होल्टच्या रिपलने रेल ११.७ वरून ९.७ वर येऊच शकत नाही. तेव्हा हे दोन वेगळे रोग आहेत.

गप्प_गेन

पेशंटला सर्दीही आहे आणि हाडही मोडलंय.

मध्यमतार

हाड कुठलं ते सांगतो. पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय: "दोन्हींच्या आउटपुटला ०.१ मायक्रोचा सिरॅमिक." ३१७ ला चालतं, ३३७ ला नाही.

३१७ आणि ३३७ ही आरशातली जोडी नाही, नुसतं नाव तसं वाटतं. ३१७ चं आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटरमधून येतं. स्वभावतः शांत, कंडेन्सर नसला तरी सहसा सांभाळून घेतो. ३३७ मध्येही आत एनपीएनच आहे, पण आउटपुट कलेक्टरमधून निघतं. त्यामुळे आउटपुटवरचा कंडेन्सर हा त्याच्या फीडबॅकच्या स्थैर्याचाच भाग होतो. डेटाशीटमध्ये स्पष्ट आहे: किमान १ मायक्रो टँटलम किंवा १० मायक्रो अ‍ॅल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक. तो नसेल तर रेग्युलेटर ऑसिलेट करतो, म्हणजे त्याचं आउटपुट आपोआप वेगाने वर-खाली नाचतं. आकडे नाचणं, सरासरी व्होल्टेज खाली येणं आणि भागाचं कारण नसताना तापणं ही तिन्ही त्याचीच लक्षणं. नवा ३३७ लावला तरी तोही तसाच नाचणार.

बंद करा, रिकामं करा, आणि ३३७ च्या आउट पायापासून ग्राउंडला १० ते ४७ मायक्रो २५ व्होल्टचा साधा इलेक्ट्रोलिटिक लावा, पाय जितके आखूड ठेवता येतील तितके. अधिक टोक ग्राउंडला. उणे रेलवर हे उलटं लागतं. उलटा लावला तर कंडेन्सर फुगतो नाहीतर फुटतो.

नवशिका_३३

चांगला लो-ईएसआर (अंगातला रेझिस्टन्स कमी असलेला) पॉलिमर कंडेन्सर लावला तर अजून उत्तम ना?

मध्यमतार

इथे नाही. साध्या इलेक्ट्रोलिटिकच्या अंगात जो थोडा रेझिस्टन्स असतो, तोच डोलारा सावरून धरतो. नुसता सिरॅमिक किंवा पॉलिमर लावला की तो आधार जातो. सिरॅमिक ठेवायचेच असतील तर ऑपअँपच्या पायांजवळ ठेवा, त्यांची खरी जागा तिथे. रेग्युलेटरजवळ इलेक्ट्रोलिटिक.

बिनआवाजी

स्कोप (लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) नसताना ऑसिलेशन पकडायचं तर साधा आरएफ प्रोब करा. १ नॅनोच्या कंडेन्सरमधून सिग्नल घ्या, पुढे ग्राउंडला १एन४१४८, त्या जोडापासून १०० के मधून मीटरच्या डीसी मिलिव्होल्ट रेंजला. सिलिकॉन डायोड अर्ध्या व्होल्टखाली आंधळा असतो, जर्मेनियमचा मिळाला तर बारीकसारीकही दिसतं. शांत रेलवर शून्याजवळ राहतो, नाचणाऱ्या रेलवर उडी मारतो. मीटरच्या एसी रेंजवर भरवसा ठेवू नका, बहुतेक मीटर काही किलोहर्ट्झच्या वर बहिरे होतात.

मीडियम वेव्ह रेडिओ बोर्डाजवळ धरला तरी फरक ऐकू येतो. शास्त्रीय म्हणता येणार नाही, पण दहा सेकंदांत उत्तर मिळतं.

डबल_एंडेड

अवांतर होईल, पण विषय निघालाच आहे. माझा अँप १२ व्होल्टच्या एका अ‍ॅडॅप्टरवर चालतो. दोन ४.७ के आणि दोन २२० मायक्रोनी मध्य (अँपसाठीचं ग्राउंड) काढलाय. मोजलं तर वर ६.९ आणि खाली ५.१. हेही सप्लायचंच दुखणं का?

ओहमकार

हो. ४.७ के च्या जोडीचा मध्य म्हणजे आतून २.३५ के. त्यातून अर्धा मिलिअँप जरी कायम एका बाजूला गेला तरी मध्य १.२ व्होल्टने सरकतो. तुमचा ०.९ ने सरकलाय, म्हणजे ०.३८ मिलिअँप कुठेतरी एकतर्फी वाहतायत. नेहमीचे संशयित: फक्त एका बाजूला जोडलेला एलईडी, गळका इलेक्ट्रोलिटिक किंवा आउटपुटवरचा डीसी. हेडफोन काढून मोजा. मध्य जागेवर आला तर ऑपअँपचा ऑफसेट (आउटपुटवरचा नको असलेला डीसी) हेडफोनमधून वाहतोय.

मध्यासाठी टीएलई२४२६ (मध्य तयार करणारी चिप) लावायचा सल्ला मिळेल. तो २० मिलिअँपपर्यंतच देतो-घेतो. ३२ ओहमच्या हेडफोनला १ व्होल्टचं शिखर म्हणजे एका कानाचे ३१ मिलिअँप, आणि दोन्ही कानांचे परतीचे करंट मध्यातूनच जातात. त्याच्यामागे बफर (जास्त करंट देऊ शकणारा टप्पा) हवा.

मध्यमतार

डबल_एंडेड, तोच अ‍ॅडॅप्टर डॅकलाही (डिजिटलचा ऑडिओ करणारा डबा) लावलेला नाही ना? डॅकचं ग्राउंड म्हणजे अ‍ॅडॅप्टरचं उणे टोक. अँपचं इनपुट ग्राउंड म्हणजे तुमचा मध्य. दोघांत ऑडिओ केबल घातली की खालचा अर्धा भाग शॉर्ट. मध्य थेट शून्यावर जातो आणि बफरवाला मध्य असेल तर बफर जळतो. एकच सप्लाय दोघांना वाटायचा नाही. धातूच्या पेटीत हेडफोन जॅक पेटीला टेकलेला असेल आणि अ‍ॅडॅप्टरचं सॉकेटही, तरी हाच अपघात.

डबल_एंडेड

...एकच आहे. काढतो.

गप्प_गेन

तीन टिंबांत सगळं आलं.

कथलाची_वाफ

मुख्य धाग्यावर परत येतो. दोन्ही कामं केली.

भिंगाखाली बघितलं तर उणे बाजूच्या एका डायोडच्या पायाभोवती काळी गोल रेघ होती. ड्राय सोल्डर. जुनं कथील ओढून घेतलं, पाय खरवडला, नवं दिलं. उणे फिल्टरवरचा एसी आता ०.०७.

३३७ ला २२ मायक्रो लावला. लोडवर उणे ११.७०, आकडे स्थिर. पाच मिनिटांनीही तेच. ३३७ आता ३१७ इतकाच कोमट. मध्यमतारांना दंडवत.

पण अँप जोडला तर घरघर निम्म्याने कमी झाली, गेली नाही. व्हॉल्यूम शून्यावर तशीच. दोन्ही कानांत.

अर्धलहरी

फिल्टर वाढवा, ४७०० करा. नाहीतर १एन४००७ काढून वेगवान डायोड लावा आणि प्रत्येकावर १० नॅनो.

ओहमकार

थांबा. रेग्युलेटरच्या पुढे रिपल किती उरतो? नुसता ३३७ साधारण ६० डेसिबलने रिपल दाबतो, म्हणजे ०.०७ व्होल्टचे ०.०७ मिलिव्होल्ट. पुढे ऑपअँप स्वतः रेलवरची घाण आणखी दाबतो. ४७०० लावून जे निम्मं होईल ते आधीच ऐकू येण्याच्या पलीकडे आहे. वेगवान डायोडांनी बिघडत नाही, पण त्यांचा रोग वेगळा: बंद होताना उडणारी तीक्ष्ण करकर, मुख्यतः रेडिओ जवळ असेल तर. ही ती नाही.

अ‍ॅडजस्ट पायापासून ग्राउंडला १० मायक्रो लावलेत तर दाब १५ डेसिबलच्या आसपास आणखी वाढतो. करायचंच असेल तर ते करा, फायदा खरा आहे. त्याबरोबर डायोड विसरू नका, नाहीतर बंद करताना तो कंडेन्सर रेग्युलेटरमधूनच रिकामा होतो. १एन४००२ अ‍ॅडजस्ट आणि आउटच्या मध्ये: ३१७ ला डायोडवरच्या पट्ट्याची बाजू आउटकडे, ३३७ ला पट्ट्याची बाजू अ‍ॅडजस्टकडे.

पण घरघर रेलमधून येतच नाहीये, असं मला वाटतं. तीन गोष्टी करून सांगा.

१. इनपुट जॅकवरच सिग्नल आणि ग्राउंड जोडा. आवाज बदलतो का?
२. ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू काढा, तारांवरच हातभर दूर न्या, नव्वद अंशांत फिरवा. बदलतो का?
३. आवाज कसा आहे? गोल, जाड "हूं" की दातेरी "घर्रर्र"?

गोल आणि ५० हर्ट्झचा असेल तर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र किंवा ग्राउंड लूप. दातेरी आणि १०० चा असेल तर कंडेन्सर भरतानाचे झटके कुठूनतरी सिग्नलच्या ग्राउंडमध्ये शिरतायत.

कथलाची_वाफ

१. नाही. २. अजिबात नाही. ३. दातेरी. घर्रर्र हाच शब्द.

मध्यमतार

ग्राउंडच्या पट्टीवर काय काय कुठल्या क्रमाने जोडलंय ते डावीकडून उजवीकडे लिहा. क्रम महत्त्वाचा.

कथलाची_वाफ

सेंटर टॅप, अधिक फिल्टर कंडेन्सर, इनपुट ग्राउंड, हेडफोन जॅकचं ग्राउंड, ३१७ चा १ के, ३३७ चा १ के, उणे फिल्टर कंडेन्सर. सगळं एकाच पट्टीवर. इनपुट आणि जॅकमध्ये दोन-अडीच सेंटिमीटर असतील.

फ्यूज_बाबा

बाबौ.

मध्यमतार

मिळालं. दोन फिल्टर कंडेन्सरांच्या मधोमध तुमचं सगळं नाजूक सामान बसलंय.

सेंटर टॅपच्या ब्रिजमध्ये एका बाजूचं टोक वर जातं तेव्हा दुसरं खाली जातं. दोन्ही कंडेन्सर एकाच क्षणी भरतात. दोन्ही रेलवर लोड सारखा असेल तर झटका वरच्या टोकातून अधिक कंडेन्सरमध्ये, तिथून ग्राउंडच्या पट्टीवरून उणे कंडेन्सरमध्ये, आणि खालच्या टोकातून परत असा जातो. सेंटर टॅपमधून जवळजवळ काहीच जात नाही. भार सगळा दोन कंडेन्सरांच्या मधल्या त्या चार-पाच सेंटिमीटरवर.

सरासरी ६० मिलिअँप असली तरी डायोड चक्राचा थोडाच वेळ उघडे असतात, त्यामुळे झटका अर्ध्या अँपियरच्या घरात असतो. व्हेरोबोर्डची अरुंद पट्टी चार सेंटिमीटरला साधारण १० मिलिओहम धरा. इनपुट आणि जॅकच्या मधल्या भागावर दोन-अडीच मिलिव्होल्टचे दात, सेकंदाला शंभर. ते इनपुट ग्राउंड आणि हेडफोनचं ग्राउंड यांच्यातच पडतात, म्हणून व्हॉल्यूम शून्य केला काय आणि इनपुट जोडलं काय, फरक नाही. रेग्युलेटर कितीही सुंदर असो, त्याला हे दिसतच नाही.

नवशिका_३३

दोन मिलिव्होल्ट खरंच ऐकू येतात?

ओहमकार

३२ ओहमचा, १ मिलिवॅटला १०० डेसिबल देणारा हेडफोन घ्या. १ मिलिवॅट म्हणजे त्याच्यावर ०.१७९ व्होल्ट. १ मिलिव्होल्ट त्याच्या ४५ डेसिबल खाली, म्हणजे कानाशी ५५ डेसिबल. शांत खोलीत हे चांगलंच ऐकू येतं. कानात घालायचे आणखी संवेदनशील असतात.

मध्यमतारांच्या म्हणण्यात एक भर घालतो. डायोड जोडल्यावर घरघर निम्मी का झाली, तेही इथेच आहे. एक डायोड तुटलेला असताना उणे कंडेन्सर एकाआड एक अर्धचक्रातच भरत होता. त्याचा प्रत्येक झटका दुप्पट मोठा होता, आणि तो अधिक बाजूच्या झटक्याशी जुळत नव्हता म्हणून सेंटर टॅपच्या तुकड्यातूनही वाहत होता. म्हणजे अर्धलहरींच्या डायोडने रेल वर आली नाही, पण निम्मी घरघर त्यानेच घालवली.

अर्धलहरी

उशिरा का होईना, न्याय मिळाला.

मध्यमतार

मिळणारच होता :) आता जोडणी अशी करा:

पट्टी अधिक कंडेन्सरच्या उजवीकडे आणि उणे कंडेन्सरच्या डावीकडे कापा. साडेतीन-चार मिलिमीटरच्या ड्रिलचं टोक हाताने फिरवलं की तांबं जातं. नंतर कंटिन्युटी बघा, केसाएवढा तांब्याचा धागा राहतो.

दोन कंडेन्सरांची ग्राउंडची टोकं जाड, आखूड तारेने थेट जोडा. शक्य असेल तर कंडेन्सर शेजारी-शेजारी आणा. सेंटर टॅप या तारेच्या मध्यावर. इथे दुसरं काहीही नाही.

या मध्यावरून एकच तार निघेल, ती अँपजवळच्या एका बिंदूला. त्या बिंदूला इनपुट ग्राउंड, जॅकचं ग्राउंड, दोन्ही १ के आणि रेग्युलेटरचे आउटपुट कंडेन्सर. प्रत्येकाची वेगळी तार, साखळी नाही.

१२० ओहम मात्र रेग्युलेटरच्या आउट पायालाच टेकवा. अँपकडच्या टोकाला लावलात तर मधल्या तारेचा व्होल्टेज ड्रॉप अ‍ॅडजस्टच्या हिशेबात गुणून येतो.

पेटीचं अर्थिंग याच बिंदूला एकदाच जोडा, दुसरीकडे कुठे नाही. जॅक पेटीपासून इन्सुलेट हवेत.

बिनआवाजी

हेडफोन लावण्याआधी ३३ ओहमचा रेझिस्टन्स जॅकवर घालून डीसी मोजा. २० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निवांत. ५० च्या वर गेलं तर हेडफोन दूर ठेवा आणि कारण शोधा. चालू-बंद करतानाही मीटर बघा. उणे रेल आधी मरत असेल तर क्षणभर मोठी उडी दिसते, बाकी सगळं शांत असतानाही.

फ्यूज_बाबा

त्याच कारणाने दोन्ही आउटपुटवर ग्राउंडकडे उलटा एकेक १एन४००२ टाका. एक रेल आधी उठली की ती अँपमधून दुसरीला उलट्या बाजूला ओढते, आणि कधीकधी ३३७ सुरूच होत नाही. उणे रेलवर अधिक ०.६ दिसतात आणि माणूस पाय तपासत बसतो. अधिक रेलवर पट्टा रेलकडे, उणे रेलवर पट्टा ग्राउंडकडे.

कथलाची_वाफ

पट्ट्या कापल्या, एका ठिकाणी धागा खरंच राहिला होता. कंडेन्सर शेजारी आणले, जाड तार, एकच बिंदू. १२० ओहम पायाला सरकवला. चार डायोड आणि अ‍ॅडजस्टचे दोन १० मायक्रो घातले. पहिली चाचणी सिरीज बल्बवर: मिणमिणला, विझला.

रेल अधिक ११.७१, उणे ११.७०. आउटपुटवर डीसी डावीकडे ४, उजवीकडे ६ मिलिव्होल्ट. बंद करताना उडी ३० च्या आत. व्हॉल्यूम शून्यावर काहीच ऐकू येत नाही. पूर्ण उघडून इनपुट शॉर्ट केला तर बारीक सूं, घर्रर्र नाही.

नवशिका_३३

ती सूं कसली?

ओहमकार

ऑपअँप आणि रेझिस्टन्सचा स्वतःचा नॉइज. गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) जास्त ठेवलाय. पाच-सहा असेल तर दोन-तीनवर आणा. हेडफोनला सहसा तेवढा पुरतो.

फ्यूज_बाबा

आणि ते काढून टाकलेले ३३७ कचऱ्यात गेले नसतील तर शोधा. २२ मायक्रो लावून २२० ओहमवर तपासा, बहुतेक दोन्ही धडधाकट निघतील.

कथलाची_वाफ

डबीत होते. दोन्ही ११.७ दाखवतायत.